आरंभीच्या रेल्वेप्रवासाच्या सचित्र नियतकालिकांचा संग्रह

आरंभीच्या रेल्वेप्रवासाच्या सचित्र नियतकालिकांचा संग्रह म्हणजे लोहमार्गांची बांधणी, उद्घाटने, अपघात व आगगाडीचा प्रवास यांची चित्रे असलेली एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची साप्ताहिके व मासिके शोधणे, ओळखणे, जतन करणे आणि त्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे होय. छायाचित्रे छापण्याची सोय नव्हती त्या काळात वाचकांना दूरची आगगाडी दाखविण्याचे काम या नियतकालिकांनी केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने या संग्रहाला दोन बाजू आहेत. मुंबई इलाख्यातील लोहमार्गांची चित्रे मुख्यतः लंडनच्या साप्ताहिकांत छापली गेली. त्याच काळातील मराठी पत्रांत चित्रे अत्यल्प असली, तरी मजकूर विपुल आहे. या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्याखेरीज त्या काळातील प्रवासाचे पुरेसे चित्र उभे राहत नाही. सुट्या चित्राच्या तुलनेत संपूर्ण अंक अभ्यासकांना अधिक मोलाचा वाटतो तो याच कारणाने.

पार्श्वभूमी

वाफेच्या इंजिनाने चालणारी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे इंग्लंडमध्ये १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाली. त्या वेळी सचित्र वृत्तपत्र हा प्रकार अस्तित्वात नव्हता. आगगाडीची चित्रे सुटी छापून विकली जात. १८३२ मध्ये लंडनमध्ये 'पेनी मॅगझिन' हे स्वस्त सचित्र नियतकालिक निघाले आणि मजकुराबरोबर चित्र छापण्याची पद्धत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. हर्बर्ट इनग्राम यांनी १४ मे १८४२ रोजी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे साप्ताहिक सुरू केले. १६ पानांच्या पहिल्याच अंकात ३२ चित्रे होती. फ्रान्समध्ये व्हर्साय मार्गावर त्याच महिन्यात झालेल्या भीषण रेल्वे अपघाताचे वृत्त या अंकात आले होते. सचित्र वृत्तपत्र आणि आगगाडी यांचा संबंध असा पहिल्या अंकापासूनचा आहे.

या साप्ताहिकाचे अनुकरण लवकरच इतर देशांत झाले. १८४३ मध्ये पॅरिस येथे 'लिल्युस्त्रासियों' आणि लाइपझिग येथे 'इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग' ही पत्रे निघाली. अमेरिकेत १८५५ मध्ये फ्रँक लेस्ली यांचे सचित्र वृत्तपत्र व १८५७ मध्ये 'हार्पर्स वीकली' सुरू झाले. लंडनमध्ये ४ डिसेंबर १८६९ पासून 'द ग्राफिक' हे प्रतिस्पर्धी साप्ताहिक निघू लागले. केवळ रेल्वेला वाहिलेले आणि सामान्य वाचकांसाठी असलेले 'रेल्वे मॅगझिन' हे मासिक बरेच उशिरा, १८९७ मध्ये निघाले. त्यामुळे १८४२ ते १८९० या काळातील रेल्वेची चित्रे शोधताना सर्वसामान्य सचित्र साप्ताहिकेच चाळावी लागतात.

चित्रे कशी तयार होत

या नियतकालिकांतील बहुतेक चित्रे लाकडी ठशांवरून छापलेली आहेत. बॉक्सवुड या अतिशय घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र उलट काढले जाई आणि छपाईत पांढरा राहावयाचा भाग अणकुचीदार हत्यारांनी कोरून काढला जाई. ठशाची उंची खिळ्यांच्या उंचीइतकी ठेवल्यामुळे चित्र व मजकूर एकाच वेळी छापता येत. बॉक्सवुडचे झाड बारीक खोडाचे असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक लहान तुकडे जोडावे लागत. पुढे हे तुकडे मागील बाजूने बोल्टने जोडण्याची युक्ती निघाली. चित्र काढून झाल्यावर तुकडे सुटे करून निरनिराळ्या कारागिरांना वाटता येत. एक जण आकाश कोरी, दुसरा माणसे, तिसरा इंजिन. शेवटी तुकडे पुन्हा जोडून मुख्य कारागीर सांध्यांवरील रेषा जुळवून घेई. छापील चित्रात कधी कधी दिसणाऱ्या बारीक सरळ पांढऱ्या रेषा म्हणजे हेच सांधे होत.

मूळ रेखाटन घटनास्थळी केलेले असले, तरी कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने तो प्रदेश पाहिलेला नसे. मुंबईहून टपालाने गेलेले रेखाटन किंवा छायाचित्र लंडनमध्ये ठशावर पुन्हा काढले जाई. या प्रवासात डोंगरांचे उतार, माणसांची पागोटी आणि झाडांच्या जाती बदलत. काही वेळा तर घटनास्थळावरील रेखाटनही नसे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या पहिल्या अंकातील हॅम्बर्गच्या आगीचे चित्र हे त्या शहराच्या एका जुन्या चित्रावर ज्वाळा व धूर चढवून तयार केलेले होते. १८८० नंतर हाफटोन ठशांची पद्धत रुळली आणि छायाचित्रे थेट छापता येऊ लागली. लाकडी ठशांची चित्रे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ नाहीशी झाली.

पश्चिम भारतातील लोहमार्ग आणि लंडनची साप्ताहिके

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सुरू झाला. १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांनी प्रवास केला. जेम्स जॉन बर्कली हे या कंपनीचे मुख्य अभियंता होते आणि मुंबईतील रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट हे अग्रणी होते. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये या उद्घाटनाचे सचित्र वृत्त जून १८५३ मध्ये आले. मधल्या दीड महिन्याचे कारण टपालाचा मार्ग होय. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी मुंबईची टपाल बोटीने सुएझपर्यंत, तेथून खुष्कीने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर आणि पुन्हा बोटीने इंग्लंडला जाई. १८७० मध्ये समुद्राखालून तारायंत्राची जोडणी झाल्यावर बातमी तातडीने पोहोचू लागली; रेखाटने मात्र पूर्वीप्रमाणे बोटीनेच जात राहिली.

संग्राहकाला या विलंबाचा व्यावहारिक उपयोग होतो. भारतातील एखाद्या घटनेचे चित्र हवे असल्यास घटनेच्या तारखेनंतर साधारण एक ते दोन महिन्यांनी निघालेले अंक प्रथम तपासावेत, असा ठोकताळा आहे. त्यासाठी पुढील तारखा पायाभूत मानल्या जातात.

• १६ एप्रिल १८५३ : बोरीबंदर ते ठाणे.
• १ मे १८५४ : ठाणे ते कल्याण.
• मे १८५६ : बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत.
• जून १८५८ : घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे.
• एप्रिल १८६३ : बोरघाटातील चढाचा मार्ग.
• जानेवारी १८६५ : थळघाटातून इगतपुरीपर्यंत.
• मार्च १८७० : जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता यांची सलग जोडणी.
• १८७८ : दौंड ते मनमाड.

१८५८ ते १८६३ या पाच वर्षांत पुण्याचा प्रवास तुटक होता. खोपोलीस गाडीतून उतरून पालखी, तट्टू किंवा अन्य वाहनाने घाट चढावा लागे आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी लागे. बोरघाटाच्या सुमारे २५ किलोमीटरच्या चढात २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ मध्ये या कामावरील मजुरांची संख्या ४०,००० च्या वर गेली होती. पटकीच्या साथींनी त्यांतील हजारो जण दगावले. घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. सचित्र साप्ताहिकांना घाटातील पूल, बोगदे व दऱ्या यांचे मोठे आकर्षण होते. मजुरांच्या वस्त्या आणि साथी यांना मात्र त्यांच्या चित्रांत क्वचितच जागा मिळाली.

१८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज भारतात आले. त्यांच्याबरोबर 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चे विशेष चित्रकार विल्यम सिम्प्सन होते. या दौऱ्याच्या अंकांत स्वागताच्या कमानी, मिरवणुका व राजेरजवाडे यांच्या चित्रांची रेलचेल असल्याने ते पूर्वीपासून लोक जपून ठेवीत आले आहेत. त्यामुळे ते आजही तुलनेने सहज आढळतात.

मराठी नियतकालिके

'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. हेन्री बॅलंटाईन हे त्याचे पहिले संपादक होते. १८४५ मध्ये पत्राचे कार्यालय मुंबईस गेले. भाऊ महाजन यांचे मुंबईचे 'प्रभाकर' (१८४१), पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' (१८४९) आणि 'मराठी ज्ञानप्रसारक' (१८५०) हे मासिक ही पत्रे पहिल्या आगगाडीची समकालीन होत. आगगाडी सुरू झाल्यानंतर वर्षभराने, १८५४ मध्ये, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथातही रेल्वेचे वर्णन आहे. संग्राहक ही पुस्तके नियतकालिकांच्या सोबत ठेवतात, कारण 'लोखंडी रस्ता', 'आगीची गाडी', 'आगगाडी' हे शब्द कसे घडत गेले ते त्यांतून दिसते.

आरंभीची मराठी पत्रे शिळाछापावर किंवा खिळ्यांनी छापली जात. लाकडी ठसा कोरण्यास लागणारे कुशल कारागीर, वेळ आणि खर्च त्यांना परवडणारा नव्हता. मिशनच्या प्रकाशनांत परदेशातून आणलेले ठसे पुन्हा वापरण्याची पद्धत होती. त्यामुळे मराठी मजकुराशेजारी इंग्लंड-अमेरिकेतील दृश्य आढळले, तर ते चित्र मूळ त्या लेखासाठी काढलेले होते असे समजू नये. 'बालबोधमेवा' (१८७३) हे मुलांचे मासिक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

चित्रे ही मराठी मासिकांची ओळख बनली ती पुढील पिढीत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ मध्ये सुरू झाले व १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. पुण्याच्या चित्रशाळेने १९१० मध्ये 'चित्रमय जगत' काढले. या काळातील अंकांत हाफटोन छायाचित्रे आहेत आणि आगगाडी हा नवलाचा विषय उरलेला नाही. स्थानक, डबा, पूल या गोष्टी प्रवासवर्णनात, कथेत आणि जाहिरातीत सहज येतात. कोणत्या वर्षापासून आगगाडीचे नवल संपले, याचा अंदाज अशा अंकांच्या सलग मालिकेवरूनच घेता येतो.

दौंड–मनमाड मार्ग आणि राहुरी

राहुरी हे अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे. मुंबईहून निघालेल्या जीआयपी रेल्वेच्या दोन शाखा कल्याणजवळ विभागत. एक थळघाटातून मनमाडकडे व दुसरी बोरघाटातून पुणे-दौंडकडे जाई. या दोन शाखांना घाटमाथ्यावर जोडणारा सुमारे २३५ किलोमीटरचा दुवा म्हणजे दौंड–मनमाड मार्ग. तो १८७८ मध्ये सुरू झाला. अहमदनगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही त्यावरील जिल्ह्यातील स्थानके होत. राहुरी व बेलापूर यांसारखी स्थानके मूळ गावांपासून काही अंतरावर आहेत. बेलापूर स्थानकाजवळच पुढे श्रीरामपूर हे शहर वाढले.

हा मार्ग १८७६–७८ च्या दुष्काळाच्या काळात बांधला गेला आणि त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर लावण्यात आले होते. लंडनच्या साप्ताहिकांनी १८७७ मध्ये भारतातील दुष्काळाची चित्रे छापली. त्यांत मद्रास इलाख्याला प्राधान्य मिळाले. नगर जिल्ह्यातील बांधावर माती टाकणाऱ्या माणसांच्या वाट्याला बोरघाटाच्या पुलांसारखी प्रसिद्धी आली नाही. या मार्गाच्या अभ्यासकाला म्हणून १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड (अहमदनगर), 'ज्ञानोदय'चे त्या वर्षांतील अंक व सरकारी दुष्काळ अहवाल यांच्या आधारे काम करावे लागते. स्थानिक संग्राहकाचे महत्त्व अशा ठिकाणी वाढते. गावच्या स्थानकाचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे एखादे छापील छायाचित्र, यात्रेनिमित्त सोडलेल्या गाड्यांचे पत्रक किंवा मासिकातील चार ओळींचा प्रवासवृत्तान्त यांची नोंद दुसरीकडे सहसा सापडत नाही.

राहुरी हे अमेरिकन मराठी मिशनचे एक केंद्र होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे वास्तव्य काही काळ येथे होते. पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी केले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आगगाडीच्या प्रवासाचे प्रसंग आहेत. सचित्र साप्ताहिकांनी न दाखविलेली बाजू, म्हणजे गाठोडी, मुले व धास्ती घेऊन गाडीत बसणारी सामान्य स्त्री, अशा लेखनात सापडते.

संग्रहाचे प्रकार

साप्ताहिकांचे अंक तीन स्वरूपांत आढळतात.

१. बांधीव खंड : सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधलेले, आरंभी शीर्षकपृष्ठ व विषयसूची असलेले. खंडाची सूची असल्यास रेल्वेविषयक चित्रे चटकन शोधता येतात. मात्र बांधणीच्या वेळी जाहिरातींची पाने काढून टाकलेली असू शकतात आणि कडा कापल्याने पानाचा आकार लहान झालेला असतो.

२. सुटे अंक : टपालाने आलेले, घडीच्या खुणा असलेले. जाहिराती व पुरवण्या मूळ जागी असतील, तर असा अंक सर्वांत विश्वसनीय ठरतो.

३. सुटी पाने : खंड फोडून वेगळी केलेली चित्रे. ती बहुधा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून विकली जातात.

महाराष्ट्रात असे साहित्य मुंबईतील फोर्ट भागातील जुन्या पुस्तकांचे विक्रेते व चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, तसेच बंद पडलेल्या क्लबांच्या, शाळांच्या व घराण्यांच्या ग्रंथसंग्रहांतून येते. मराठी मासिके मुख्यतः रद्दीतून मिळतात. अनेक घरांत वाड्याची वाटणी किंवा घराचे नवे बांधकाम निघाले की माळ्यावरील मासिकांचे गठ्ठे वजनावर विकले जातात. इंग्रजी सचित्र साप्ताहिकांना बाजारभाव असल्याने ती वाचतात. चित्रे नसलेल्या मराठी अंकांना तो नसल्याने ती लगद्यात जातात.

अस्सल पान ओळखणे

जुन्या चित्रांच्या नव्या प्रती मोठ्या संख्येने बाजारात असल्यामुळे पुढील गोष्टी तपासण्याचा प्रघात आहे.

• पानाच्या वरच्या कडेला नियतकालिकाचे नाव, तारीख व पृष्ठक्रमांक असतो. चौकटीखाली तो झाकला गेला असल्यास चौकट काढून पाहावे.
• पानाच्या मागील बाजूस बहुधा मजकूर किंवा दुसरे चित्र असते. मोठ्या पुरवणी-चित्रांची मागील बाजू कोरी असू शकते, म्हणून केवळ कोऱ्या पाठीवरून पान बनावट ठरत नाही.
• भिंगाखाली लाकडी ठशाच्या रेषा सलग व तीक्ष्ण दिसतात. रेषेऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसल्यास ती नंतरच्या काळातील प्रत समजावी.
• मोठ्या चित्रात ठशाच्या तुकड्यांचे सांधे दिसू शकतात.
• १८५० च्या दशकातील नेहमीच्या अंकांतील चित्रे एकरंगी आहेत. अशा चित्रांवरील रंग बहुधा पुढील काळात विक्रीसाठी हाताने भरलेले असतात.
• इंग्लंडमधील वृत्तपत्रांवर १८५५ पर्यंत कर होता. त्या काळातील अनेक प्रतींवर कराचा छापील शिक्का दिसतो.

चित्राखाली दिलेल्या नावावर पूर्ण विसंबू नये. 'ठाण्याजवळील पूल' किंवा 'घाटातील दृश्य' अशी मोघम नावे असलेले एकच चित्र आज वेगवेगळ्या वर्षांच्या व ठिकाणांच्या नावाने फिरताना आढळते. मूळ अंकातील मजकूर हातात असल्यास असा घोळ मिटतो.

पान आणि अंक

खंड फोडून चित्रे सुटी विकावीत की नाही, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. विक्रेत्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की, फाटलेल्या, अपुऱ्या खंडातील चांगली पाने चौकटीत तरी टिकतात आणि सामान्य माणसाला थोड्या पैशांत एक अस्सल चित्र घरी ठेवता येते. अभ्यासकांचा आक्षेप वेगळा आहे. पूर्ण खंड फोडला की चित्राशेजारचा मजकूर टाकून दिला जातो. उद्घाटनाच्या चित्रामागे त्याच आठवड्यातील भागभांडवलाची बातमी, कापसाचे भाव किंवा रेल्वे कंपनीची जाहिरात असू शकते आणि लोहमार्ग कोणासाठी बांधला जात होता याचा पुरावा तेथे असतो. अमुक चित्र कोणाच्या रेखाटनावरून घेतले, हेही अनेकदा शेजारच्या स्तंभातच सांगितलेले असते.

या वादात बहुतेक जाणकार असा मध्यम मार्ग सुचवितात : पूर्ण खंड फोडू नये, आधीच सुटे झालेले पान घेताना त्याची तारीख व पृष्ठक्रमांक जपावा, आणि त्या अंकाचा उरलेला मजकूर अंकीय स्वरूपात मिळवून पानाबरोबर ठेवावा.

जतन

साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद चिंध्यांपासून केलेला असल्याने टिकाऊ आहे. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा वापर वाढला. असा कागद आम्लामुळे पिवळा पडतो व कडांपासून मोडू लागतो. म्हणून १८५३ चा अंक १९१० च्या अंकापेक्षा चांगल्या स्थितीत असणे हे नवल नाही.

कोकण व मुंबईत पावसाळ्यातील दमटपणामुळे बुरशी व तांबूस डाग पडतात. अहिल्यानगरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात बुरशीचा त्रास कमी असला, तरी पत्र्याच्या छपराखालील उन्हाळ्याची उष्णता कागद ठिसूळ करते. वाळवी, कसर व उंदीर यांचा उपद्रव सर्वत्र आहे. सर्वसाधारण काळजी पुढीलप्रमाणे घेतात.

• अंक आडवे, आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात व पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावेत. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चे पान सुमारे ४० सेंटिमीटर उंच असल्याने उभे ठेवल्यास ते वाकते.
• कपाट भिंतीपासून थोडे दूर व जमिनीपासून उंच असावे. पावसाळ्यानंतर सावलीत हवा द्यावी. कडक उन्हात अंक वाळवू नयेत.
• फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डाग कायमचा होतो.
• प्लास्टिकचे आवरण उष्णता देऊन चिकटविण्याची पद्धत टाळावी. ती सहजासहजी उलटवता येत नाही.
• कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड यांसारखे पारंपरिक उपाय कागदाला थेट न लागता, पुरचुंडीत ठेवावेत.
• वारंवार पाहावयाचे पान एकदा छायाचित्रित करून त्याची प्रत वापरावी.

नोंद आणि सूची

संग्रहाचे मोल त्याच्या नोंदीवर अवलंबून असते. प्रत्येक अंकासाठी नियतकालिकाचे नाव, खंड व अंक क्रमांक, तारीख, पृष्ठे, चित्राचे शीर्षक, चित्रकाराचे किंवा कोरणाऱ्याचे नाव (दिलेले असल्यास), मजकुराचा सारांश, पानाची स्थिती आणि अंक कोठून मिळाला याची माहिती लिहिली जाते. मराठी अंकांवर अनेकदा शालिवाहन शक किंवा मराठी महिना छापलेला असतो. तो जसाच्या तसा उतरवून शेजारी इसवी सनाची तारीख द्यावी.

मराठी नियतकालिकांचा माग काढण्यासाठी शं. ग. दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' आणि रा. के. लेले यांचा 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' हे ग्रंथ उपयोगी पडतात. एखाद्या पत्राचे कोणते अंक मुळात निघाले हे सूचीवरून समजले म्हणजे कोणते अंक हरवले आहेत हेही कळते.

कायदेशीर बाबी

भारतीय पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेली हस्तलिखिते, अभिलेख व अन्य दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून जुने अंक परदेशी पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून खातरजमा करून घेणे इष्ट असते.

प्रताधिकाराच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील निनावी चित्रे व लेख भारतात मुक्त आहेत. लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो. त्यामुळे विसाव्या शतकातील मासिकांतील साहित्य पुन्हा छापताना लेखक व चित्रकार यांची मृत्युवर्षे तपासावी लागतात.

सार्वजनिक संग्रह

मुंबईतील एशियाटिक सोसायटी (स्थापना १८०४) व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), तसेच पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) या संस्थांकडे जुन्या नियतकालिकांचे साठे आहेत. अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ मध्ये स्थापन झाले असून ते राज्यातील सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या अंकीकरणाचे काम केले आहे. इंग्रजी साप्ताहिकांचे अनेक खंड इंटरनेट अर्काइव्हसारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात.

अंकीकरणामुळे मूळ अंकाची गरज संपत नाही. कागदाचा पोत, ठशाचे सांधे, कराचा शिक्का, मालकाची सही किंवा वाचकाने समासात केलेली टीप या गोष्टी पडद्यावर नीट कळत नाहीत. याउलट, एकट्या संग्राहकाकडे सर्व अंक असणे अशक्य असल्याने तुलना करण्यासाठी अंकीय प्रती आवश्यक ठरतात.

अभ्यासातील उपयोग आणि मर्यादा

सचित्र साप्ताहिके हा रेल्वेच्या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु ती लंडनच्या वाचकांसाठी निघत होती हे लक्षात ठेवावे लागते. त्यांच्या चित्रांत अभियांत्रिकीचे यश, अधिकाऱ्यांची उपस्थिती आणि निसर्गाची भव्यता ठळक आहे. भारतीय रेल्वे कंपन्यांना प्रवासी वाहतुकीचे बहुतांश उत्पन्न तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकडून मिळत होते; चित्रांत मात्र हे उतारू बहुधा गर्दीच्या रूपाने, पार्श्वभूमीलाच आहेत. त्यांचे अनुभव, तक्रारी आणि नवलाई समकालीन देशी भाषांतील पत्रांत, त्यांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात व आत्मचरित्रांत विखुरलेल्या आहेत.

या दोन साधनांतील एकाची बाजारात किंमत होते आणि दुसरे रद्दीत जाते, ही महाराष्ट्रातील संग्रहाची मुख्य अडचण आहे. बोरघाटाच्या पुलाचे चित्र लंडनमध्ये हजारो प्रतींत छापले गेले आणि ते आज ना उद्या कोठेतरी मिळते. त्या पुलावरून गेलेल्या प्रवाशाने मराठीत लिहिलेला मजकूर थोड्याच प्रतींत निघालेल्या अंकात असतो. तो अंक गेला, तर तो मजकूर पुन्हा मिळण्याची शक्यता फार थोडी असते. त्यामुळे शाळा, तालुका वाचनालये व जुनी घराणी यांच्याकडील चित्रविरहित मराठी अंकांची यादी करणे हे काम सचित्र अंक मिळविण्याइतकेच तातडीचे मानले जाते.